गडचिरोलीत गावं किती? आधी विचारा, मोजली कोणी

प्रश्न असा आहे: ‘समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी मी गडचिरोली जिल्ह्याचा तालुकानिहाय तक्ता करतोय. गावांची संख्या महसूल खात्याकडे एक, पंचायतीकडे दुसरी आणि जनगणनेत तिसरी दिसते. ग्रामपंचायत जी लोकसंख्या सांगते ती जनगणनेशी जुळत नाही. उपविभाग, पंचायत समिती, आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय, वनविभाग यांच्या हद्दीही एकमेकींत अडकल्या आहेत. यातलं खरं काय धरायचं?’

मी पटवारी म्हणून लागलो आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांचं काम केलं. पहिलीत पायी फिरलो, तिसरीत टेबलामागे बसलो. त्यामुळे तुमचा गोंधळ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तुमच्या हातातले तिन्ही आकडे बहुतेक खरेच असतील. तिन्ही कचेऱ्या ‘गाव’ हा एकच शब्द वापरतात आणि प्रत्येकीच्या मनात वेगळी वस्तू असते. ती वस्तू कोणती हे एकदा कळलं की अर्धा तक्ता आपोआप सुटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

महसूल खात्याचं गाव म्हणजे मौजा. मौजा ही जमीन आहे. तिला शिव आहे, नकाशा आहे, सर्व्हे नंबर आहेत, सातबारा आहे. त्यात माणूस राहतो की नाही याच्याशी मौजाला काही देणंघेणं नसतं. आमच्याकडं ज्याला रिठी गाव म्हणतात ते हेच. कधीकाळी वस्ती होती, साथ आली, तलाव फुटला किंवा जमीन कसाला उतरली नाही, लोक उठून शेजारी गेले. घरांच्या जागी आता मोहाची चार झाडं आणि एखादा देवाचा दगड असतो. पण जमीन कुठं जाणार? तिच्या मालकीच्या नोंदी चालू, पीकपाहणी चालू, म्हणून मौजा चालू. जनगणनेच्या यादीत त्याच्यापुढं शून्य लोकसंख्या लागते, पण नाव राहतंच. जिल्ह्यात महसुली गावं सोळाशे-सतराशेच्या घरात भरतात त्यात ही रिठी गावंही धरलेली असतात. तुम्ही ‘एकूण गावं’ घेता की ‘वस्तीची गावं’, एवढ्या एका गोष्टीनं तक्त्यातली सरासरी बदलते.

उलटी बाजू टोल्यांची. मौजाच्या मुख्य वस्तीपासून दोन-तीन किलोमीटरवर, मध्ये नाला, पलीकडं पंचवीस-तीस घरं. त्यांचा पाटील वेगळा, देव वेगळा, पोळासुद्धा वेगळा भरतो. तिथल्या माणसाला गाव विचारा, तो टोल्याचंच नाव सांगेल. सरकारी कागदावर मात्र त्याचं नाव कुठंच नाही, तो मूळ मौजात विरघळलेला. मी एका तालुक्यात असताना एकाच मौजात असे सहा टोले होते आणि पावसाळ्यात त्यातल्या तीन टोल्यांचा एकमेकांशी संबंध तुटायचा. कागदावर गाव एक. आरोग्यसेविकेला विचारलं तर ती म्हणायची, माझ्याकडं सात गावं आहेत. चूक कोणाची म्हणायची?

नावांवरूनही थोडं सांगतो, कारण तक्ता जुळवताना सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत गावाच्या नावामागं माल, चक, तुकुम, हेटी, रिठ अशी शेपटं लागतात. ती शोभेची नाहीत. एकाच नावाचा ‘माल’ एक मौजा आणि ‘चक’ दुसरा, असं सर्रास असतं. जुन्या जमीनधाऱ्याच्या, मालगुजारीच्या व्यवस्थेचे ते शिक्के आहेत. यादी टंकणाऱ्यानं शेपूट गाळलं की दोन गावांचं एक होतं, आणि एकाची लोकसंख्या दोनदा धरली जाते किंवा एकदाही धरली जात नाही. त्यात एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत. म्हणून नावावर कधीही जुळवू नका. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक दिला आहे, आणि केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेत गाव व ग्रामपंचायत यांना वेगळे संकेतांक आहेत. जुळणी या संकेतांकांवरच करा. जिल्ह्यातल्या एका शहरालाच दोन नावं आहेत हे विसरू नका: नगरपरिषद आणि तालुका देसाईगंज, रेल्वे स्टेशन वडसा, वनविभागही वडसा. लोकांच्या तोंडी तर वडसाच. बाहेरच्या अभ्यासकांनी हे दोन वेगळे गाव समजून जिल्ह्यात एक शहर वाढवलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

आता पंचायतीचं गाव. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे. त्यात एका किंवा अनेक महसुली गावांचं मिळून पंचायतीचं ‘गाव’ जाहीर करता येतं. लोकसंख्या विरळ असलेल्या मुलखात एकेका मौजाला पंचायत देणं परवडत नाही, म्हणून गटग्रामपंचायती. जिल्ह्यात ग्रामपंचायती साडेचारशेच्या आसपास. म्हणजे ढोबळमानानं तीन-चार मौजांमागं एक. ‘ग्रामपंचायतीची लोकसंख्या’ आणि त्याच नावाच्या ‘गावाची लोकसंख्या’ यात दुपटी-तिपटीचा फरक दिसला तर घाबरू नका. ग्रामपंचायतीला नाव मुख्यालयाच्या गावाचं मिळतं आणि बाकीची गावं त्या नावाखाली लपतात. तुमच्या तक्त्यात हीच चूक असेल असं मला वाटतं.

तिसरं गाव पेसाचं, आणि गडचिरोलीत ते टाळून चालत नाही. पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा. तो १९९६ चा, महाराष्ट्राचे त्याचे नियम मार्च २०१४ चे. या कायद्याची गावाची व्याख्या जमिनीवरून निघत नाही, माणसांवरून निघते. एक वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथले लोक आपल्या रूढी-परंपरेनं आपला कारभार करतात, ते गाव. म्हणजे वर सांगितलेला टोला, जो महसूल खात्याला दिसत नाही आणि पंचायतीत एक वॉर्ड असतो, तो इथं स्वतःची ग्रामसभा असलेलं गाव होऊ शकतो. त्यासाठी वस्तीतल्या मतदारांचा ठराव लागतो, उपविभागीय अधिकाऱ्याकडून पडताळणी होते आणि वरून अधिसूचना निघते. धानोरा तालुक्यातलं मेंढा हे याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. सगळे त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. हा कंस प्रशासकीय विभागणीचाच आहे, मेंढा हे गाव लेखा ग्रामपंचायतीतलं म्हणून. ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचं राज) म्हणणाऱ्या या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, तेही ग्रामसभेला मिळाले, ग्रामपंचायतीला नव्हे. पेसाच्या अबंध निधीच्या, म्हणजे ग्रामसभेनं ठरवून खर्चायच्या पैशाच्या वाटपात लोकसंख्या पाहतात, त्यामुळे कोणता टोला गाव ठरतो हा प्रश्न आता कागदापुरता राहिलेला नाही.

पेसा जिल्हाभर लागू आहे असंही समजू नका. अनुसूचित क्षेत्राचा महाराष्ट्राचा आदेश १९८५ चा. त्यात काही तालुके पूर्ण आहेत, तर गडचिरोली, आरमोरी, चामोर्शी यांतली काहीच गावं आहेत. तालुक्यापुढं ‘पेसा’ असा शिक्का मारला तर तक्ता चुकणार. हा रकाना गावाच्याच पातळीवर भरावा लागतो.

इथून वर चढू. महसुली साखळी सोपी आहे, कारण ती कायद्यानं घट्ट बांधलेली आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणं महसुली विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका हे राज्य सरकार ठरवतं. कोणती गावं मिळून साझा आणि कोणते साझे मिळून मंडळ हे जिल्हाधिकारी पाहतात. साझा म्हणजे एका तलाठ्याचं क्षेत्र. विदर्भातले जुने लोक अजून पटवारी हलकाच म्हणतात आणि कागदावर ‘प.ह.नं.’ लिहितात. तलाठ्याला अलीकडं ग्राम महसूल अधिकारी असं नाव दिलं आहे आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. दोघांची नावं आता इतकी सारखी झाली आहेत की गावातल्या माणसानं ‘अधिकारी आले होते’ म्हटलं तर कोण ते विचारावंच लागतं. लक्षात ठेवा, साझा हा ग्रामपंचायतीशी जुळलेला असेलच असं नाही. एका साझ्यात दोन पंचायती, एका पंचायतीची गावं दोन साझ्यांत, दोन्ही प्रकार सापडतात.

गडचिरोली जिल्हा नागपूर महसुली विभागात येतो. तालुके बारा: गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, मुलचेरा, देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, कोरची, अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड. उपविभाग सहा, प्रत्येकात दोन-दोन तालुके, मी ज्या क्रमानं लिहिले त्याच जोड्या. बाराही तालुक्यांना एकेक पंचायत समिती आहे आणि तालुका व पंचायत समिती यांची हद्द साधारण एकच. फरक एवढाच की शहरी भाग पंचायत समितीतून वगळला जातो. जिल्हा परिषदेचे गट ५१, पंचायत समितीचे गण त्याच्या दुप्पट, १०२. गट आणि गण हे फक्त निवडणुकीसाठी, लोकसंख्या पाहून कापलेले तुकडे आहेत आणि दर वेळी बदलतात. त्यांना प्रशासकीय विभाग समजून मालिका काढू नका.

विधानसभेचे मतदारसंघ तीन, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी, तिन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव. लोकसभेचा गडचिरोली-चिमूर मतदारसंघ मात्र जिल्ह्याबाहेर जातो. त्यात चंद्रपूरचे ब्रह्मपुरी आणि चिमूर आहेत, गोंदियाचं आमगावही आहे. मतदारसंख्येचा आकडा घेऊन कोणी ‘गडचिरोलीचे मतदार’ म्हणत असेल तर आधी विचारा, जिल्ह्याचे की मतदारसंघाचे.

खरी गंमत एकाच नावाच्या हद्दींची आहे. ‘भामरागड’ घ्या. भामरागड तालुका एक. आदिवासी विकासाचा भामरागड प्रकल्प दुसरा, त्यात एटापल्ली तालुकाही येतो. भामरागड वनविभाग तिसरा, त्याची हद्द जंगलाच्या हिशेबानं आखलेली. जिल्ह्यात प्रकल्प कार्यालयं तीन, वनविभाग पाच, महसुली उपविभाग सहा, तालुके बारा. उपविभाग तेवढे तालुक्यांच्या जोड्यांनी बनले आहेत, बाकीच्या विभागण्या एकमेकींच्या साच्यात बसतीलच असं नाही. वनविभागाच्या अहवालातला ‘भामरागड’ आणि जनगणनेतला ‘भामरागड’ भागून दरडोई काही काढलंत तर येणाऱ्या उत्तराला अर्थ नाही. मी एका प्रस्तावात हे झालेलं पाहिलं, आणि ते पकडलं एका कारकुनानं, साहेबांनी नव्हे.

जिल्ह्याचा इतिहास थोडक्यात, कारण मालिका मागं न्यायची तर तो लागतो. हा मुलूख पूर्वी चांदा जिल्ह्याचा. सिरोंचा हे तर अपर गोदावरी नावाच्या वेगळ्या जिल्ह्याचं मुख्यालय होतं, १८७४ मध्ये तो चांद्यात मिसळला. गडचिरोली तहसील १९०५ ची, जमीनदारीचा भाग तोडून केलेली. मध्य प्रांत, मग मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली आणि सिरोंचा या भागांचा वेगळा जिल्हा झाला. तारीख पाहा: १९८१ ची जनगणना त्याआधी होऊन गेली होती. म्हणजे ‘गडचिरोली जिल्हा, १९८१’ असा आकडा जो कुठं दिसेल तो मागाहून, तहसिलींची बेरीज करून काढलेला आहे. १९८१ च्या मूळ खंडांत हा जिल्हाच नाही. २००१ आणि २०११ मध्ये मात्र तालुके तेच बारा, त्यामुळे या दोन वर्षांची तालुकानिहाय तुलना बिनधास्त करा.

आता माणसांकडं येतो. २०११ ला जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२. पुरुष ५,४१,३२८, स्त्रिया ५,३१,६१४, हजार पुरुषांमागं ९८२ स्त्रिया. राज्याचा आकडा तेव्हा ९२९ होता. २००१ ला लोकसंख्या ९,७०,२९४ होती, म्हणजे दशकात १०.५८ टक्के वाढ, राज्याची जवळपास १६. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यामुळे घनता चौरस किलोमीटरला ७४, जेव्हा राज्यात सरासरी ३६५ होती. ग्रामीण लोकसंख्या ९,५४,९०९, म्हणजे ८९ टक्के. अनुसूचित जमाती ४,१५,३०६, साधारण ३८.७ टक्के. अनुसूचित जाती १,२०,७४५, सव्वाअकरा टक्के.

हे आकडे पाठ करायला चांगले, पण जिल्ह्याची सरासरी इथं फसवते. चामोर्शी तालुक्यात जवळपास १ लाख ७९ हजार माणसं, भामरागडमध्ये ३६ हजारांच्या आसपास. कोरची ४३ हजारांच्या, मुलचेरा ४६ हजारांच्या घरात. भामरागड आणि एटापल्लीत अनुसूचित जमातींचा वाटा तीन चतुर्थांशांहून जास्त, तर देसाईगंजकडं आलात की चित्र पार बदलतं. वैनगंगेच्या काठचा धानाचा पट्टा, तलाव, दाट गावं हे एक गडचिरोली. पूर्वेला जंगलात विखुरलेले टोले, माडिया आणि गोंडी बोलणारी माणसं हे दुसरं. सिरोंच्यात बाजारात तेलुगू ऐकू येते, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली, कारण तिथं निर्वासितांची वसाहत झाली, आणि कोरचीकडं छत्तीसगढी. ७४ ही घनता यातल्या एकाही भागाची खरी घनता नाही. जंगल बाजूला काढून वस्तीच्या जमिनीवर मोजाल तर धानपट्ट्याचं गाव आणि पश्चिम विदर्भातलं गाव यात फार अंतर राहणार नाही.

लोक मला विचारतात, एवढ्या मोठ्या गावसंख्येत सरासरी गाव केवढं? ग्रामीण लोकसंख्येला महसुली गावांनी भागलं तर साडेपाचशेच्या आसपास येतं. पण साडेपाचशेचं गाव तुम्हाला क्वचितच भेटेल. एकीकडं दोन-तीन हजारांची गावं, दुसरीकडं दीडशे-दोनशेची, आणि खाली शून्याची रिठी. तक्त्यात सरासरीऐवजी गावांचे आकारगट द्या: दोनशेच्या आत किती, दोनशे ते पाचशे किती, असं. प्रशासनाची खरी अडचण त्यातून दिसते. आदिवासी व डोंगरी भागात आरोग्य उपकेंद्रासाठी निकष ३ हजार लोकसंख्येचा आहे, सपाटीवर ५ हजारांचा. तीन हजार माणसं जमवायला भामरागडकडं किती टोले आणि किती नाले ओलांडावे लागतात ते आकारगटांच्या रकान्यात कळेल.

‘ग्रामपंचायतीचा आकडा जुळत नाही’ या तक्रारीकडं वळतो. मुळात ग्रामपंचायतीकडं माणसं मोजण्याची जनगणनेसारखी यंत्रणाच नसते. तिच्याकडं घरपट्टीचं रजिस्टर आहे, ते घरं सांगतं. मतदार यादी १८ वर्षांवरच्यांची. रेशनकार्डावर लग्न होऊन गेलेली मुलगी पाच वर्षं राहते आणि नवी सून यायला तेवढीच वर्षं लागतात. गावात सर्वांत ताजा आकडा असतो अंगणवाडीताईकडं, तिला दरवर्षी घरोघर सर्वेक्षण करावंच लागतं, आणि तेही टोलानिहाय. मात्र तिचं रजिस्टर तिच्या अंगणवाडीच्या क्षेत्राचं, मौजाचं नव्हे.

जनगणनेचा आकडा कायद्याच्या कामाला लागतो. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या त्यावर ठरते: १५०० पर्यंत ७ सदस्य, ३००० पर्यंत ९, मग ११, १३, १५ करत ७५०० च्या वर १७. वॉर्डांचं आरक्षणही त्याच आकड्यावर. २०२१ ची जनगणना झाली नाही, म्हणून हे सगळं अजून २०११ वर चालतं. गावात आज काय आहे आणि कागद काय म्हणतो यातली दरी रोज रुंदावते आहे हे खरं. पण त्यावर ‘अंदाजित लोकसंख्या’ म्हणून जिल्ह्याचा वाढदर प्रत्येक गावाला लावणं हा उपाय नाही. जिल्हा १०.५८ टक्क्यांनी वाढला म्हणून रिठी गावात माणसं उगवत नाहीत.

२०११ चा आकडा कसा जमला तेही सांगतो, म्हणजे त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतील. ग्रामीण भागात तहसीलदार हा चार्ज अधिकारी. त्याच्याखाली पर्यवेक्षक, त्यांच्याखाली प्रगणक, बहुतेक शाळामास्तर. एका प्रगणकाला सहाशे-साडेसहाशे लोकसंख्येचा गट. आधी घरयादी, २०१० मध्ये. मग ९ ते २८ फेब्रुवारी २०११ प्रत्यक्ष मोजणी, आणि १ ते ५ मार्च उजळणी फेरी. संदर्भक्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च सुरू होतानाचे शून्य तास. प्रगणकाला हातानं नजरी नकाशा काढावा लागे: देऊळ, विहीर, शाळा, वाट आणि प्रत्येक घराला क्रमांक. माझ्या मते संपूर्ण जनगणनेतला सर्वांत मोलाचा कागद तोच. टोल्यांची नावं फक्त त्यावर असत. छापील खंडात ती येत नाहीत.

आमच्याकडची अडचण महिन्याची होती. फेब्रुवारीत धान घरात आलेलं असतं आणि हाताला काम नसतं. बरीच कुटुंबं तेव्हा मिरची तोडायला गोदावरीपलीकडं, आज जो तेलंगणा आहे तिकडं जातात. जनगणनेचा नियम असा की नेहमीचा रहिवासी त्या वीस दिवसांत कधीही घरी आला तर तो तिथं मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असला तर नाही, जिथं आहे तिथं मोजला जाईल. नियम बरोबरच आहे, नाहीतर माणूस दोनदा मोजला जातो. पण मिरचीच्या शेताच्या बांधावर पालात राहणाऱ्या मजुराला तिथला प्रगणक गाठतो की नाही? एका टोल्यात मी पडताळणीला गेलो तेव्हा बावीस घरांपैकी नऊंना काटक्यांची कवाडं लावलेली, आणि उरलेल्यांत म्हाताऱ्या आणि लहान पोरं. मास्तरानं नियमाप्रमाणं घरं बंद म्हणून लिहिली होती. आम्ही उजळणी फेरीत पुन्हा गेलो, तेव्हा दोन कुटुंबं परतली होती. बाकी सात कुटुंबं कुठं मोजली गेली मला आजही माहीत नाही. असे टोले जिल्ह्याचा आकडा हलवत नाहीत, पण गावपातळीचा आकडा नक्की हलवतात. छोट्या गावाची लोकसंख्या दशकात अचानक वीस टक्के घटलेली दिसली तर लगेच ‘स्थलांतर’ असा निष्कर्ष काढू नका. शेजारच्या मौजाचा आकडा पाहा, वाढलाय का. टोला एकीकडून दुसरीकडं लिहिला गेला असण्याचीही तेवढीच शक्यता असते.

वयाचंही सांगून ठेवतो. वयानुसार तक्ता केलात तर ४०, ४५, ५०, ६० या वयांना माणसांचे ढीग दिसतील आणि ४१, ४३ ला खड्डे. जन्मतारीख ठाऊक नसते, मास्तर विचारतो, कोतवाल (तलाठ्याचा गावातला मदतनीस) माडियात विचारतो, उत्तर येतं, ‘मोठा पूर आला तेव्हा गुरं राखत होतो’. मग सगळे मिळून एक गोल आकडा ठरवतात. पाच-पाच वर्षांचे गट करूनही हा ढीग पूर्ण मोडत नाही. दहा-दहाचे करा.

शहरी-ग्रामीण या रकान्यात पुढच्या वेळी एक खड्डा येणार आहे. २०११ ला जिल्ह्यात नगरपरिषदा दोनच होत्या, गडचिरोली आणि देसाईगंज. गडचिरोली शहराची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. तरी शहरी लोकसंख्या १,१८,०३३ दिसते, कारण त्यात ‘जनगणना नगरं’ धरली आहेत. जिथं कारभार ग्रामपंचायतीचा, पण लोकसंख्या ५ हजारांवर, घनता चौरस किलोमीटरला ४०० वर आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के बिगरशेती, ते ठिकाण जनगणना शहर म्हणून लिहिते. जिल्हा परिषद मात्र त्याच ठिकाणाला आपलं ग्रामीण गाव समजते. म्हणून जिल्हा परिषदेची ‘ग्रामीण लोकसंख्या’ आणि जनगणनेची ‘ग्रामीण लोकसंख्या’ वेगळी. पुढं २०१५ च्या सुमारास राज्यानं तालुक्याच्या गावांना नगरपंचायती दिल्या. भामरागडसारखं काही हजार वस्तीचं, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की दिवसेंदिवस जगापासून तुटणारं गावही कागदावर शहर झालं. पुढच्या जनगणनेत गडचिरोलीची शहरी टक्केवारी चांगली उडी मारेल आणि कोणीतरी नागरीकरणावर लेख लिहील. त्यातला मोठा वाटा या फेरनोंदीचा असेल. सिंधुदुर्ग, जो राज्यातला तसाच दुसरा ग्रामीण जिल्हा, तिथंही हे होणार. तिथं तर २००१ ते २०११ लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली होती. एकूण आकडा खाली आणि शहरी टक्का वर, असं दिसलं की आधी अधिसूचना शोधायची, मग सिद्धांत मांडायचा.

पुढची जनगणना २०२७ ची, संदर्भक्षण १ मार्च २०२७, घरयादी २०२६ मध्ये, आणि त्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ला हद्दी गोठवल्या गेल्या. त्यानंतर कोणतंही नवं गाव, नवा तालुका, अगदी अहेरी जिल्ह्याची जुनी मागणी मान्य झाली तरी, त्या जनगणनेच्या खंडात दिसणार नाही. अहेरीची मागणी अवास्तव नाही हेही सांगतो. सिरोंच्याहून गडचिरोलीला यायला सुमारे दोनशे किलोमीटर पडतात. एका दाखल्यासाठी माणसाचे दोन दिवस जात. पण ती चर्चा वेगळी.

तुमच्या तक्त्यापुरतं असं करा. पाया म्हणून २०११ चं प्राथमिक जनगणना सार (Primary Census Abstract) घ्या, गावपातळीचं. प्रत्येक ओळ म्हणजे एक महसुली गाव, संकेतांकासह. त्यापुढं रकाने: वस्तीचं की रिठी, कोणत्या ग्रामपंचायतीत, कोणत्या साझ्यात, अनुसूचित क्षेत्रात आहे का, नगरपंचायतीत गेलं का आणि कधी. ग्रामपंचायतीचे आकडे वेगळे मिळवू नका, याच ओळींची बेरीज करून काढा. ती बेरीज पंचायतीच्या दाखल्याशी जुळली नाही तर पंचायतीतलं एखादं मौजा तुमच्या यादीत दुसऱ्या नावानं बसलंय का पाहा, दहापैकी आठ वेळा तेच असतं. प्रकल्प आणि वनविभाग हे शेवटी, नुसते रकाने म्हणून जोडा, त्यांच्या बेरजा करू नका. आणि प्रत्येक आकड्याखाली तारीख लिहा, कचेरीचं नाव लिहा.

टोल्यांची यादी मात्र कोणत्याच छापील कागदात मिळणार नाही. पाच-सहा गावं निवडून स्वतः जावं लागेल. आधी अंगणवाडीताईला गाठा, मग कोतवालाला, आणि दोघांना एकत्र बसवून टोल्यांची नावं म्हणवून घ्या. एकाला आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं. जायचं तर दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर आणि संक्रांतीच्या आत. संक्रांतीनंतर मिरचीच्या गाड्या सुटतात आणि मग तुम्हाला फक्त म्हाताऱ्या भेटतील.